नासलेल्या फळाचे प्रारब्ध

उंद्रीच्या काळ्या जमिनीत नासपती होत नाही. ते काश्मीर-हिमाचलाकडचे, थंडीच्या मुलखातले फळ. परंतु ज्या बुलढाणा जिल्ह्यात हे गाव मोडते, त्याच्याच उत्तर भागात, सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत; आणि तोडणीच्या दिवशी निर्दोष दिसलेले फळ वखारीत देठाकडून काळे पडून मऊ होऊ लागले, म्हणजे ‘नशिबात नव्हते’ हा उद्गार बागाईतदाराच्या तोंडून सहज निघतो. या उद्गारात श्रद्धेचा अंश किती आणि जबाबदारीची टाळाटाळ किती, हा धर्मविचारातला एक मोठा प्रश्न आहे, असे मला वाटते.

नाश अटळ आहे, हे आपल्या शास्त्रकारांनी कधी लपविले नाही. उत्पन्न होणे, असणे, पालटणे, वाढणे, क्षीण होणे आणि नष्ट होणे हे पदार्थमात्राचे सहा विकार यास्काचार्यांनी निरुक्तात वार्ष्यायणींच्या नावाने नोंदविले आहेत. झाडावरून तोडलेल्या फळाचाही श्वासोच्छ्वास चालूच असतो, आणि साठविलेली शर्करा व आम्ले खर्च करीत ते आपल्या अंताकडे जात असते. येथवर प्रारब्धाची हद्द मला मान्य आहे.

अकाली नासण्याचा हिशेब मात्र निराळा. बागेतली सल, म्हणजे झाडावर वाळून राहिलेल्या काटक्या, वेळेवर काढली नाही की तिच्यावर बुरशी पोसते. पावसाच्या थेंबांबरोबर तिचे बीजाणू कोवळ्या फळाच्या देठापाशी जाऊन बसतात, तेथे महिनेच्या महिने निपचित राहतात, आणि फळ तुटून देठ सुकू लागला म्हणजे आत शिरतात. हिसडून तोडलेल्या फळाची साल देठाशी फाटते, आणि त्या जखमेतून हिरवी-निळी बुरशी शिरते. नासपतीची कथाही याच जातीची: नत्राचा मारा अधिक, फळात चुन्याचा अंश कमी आणि तोडणीस विलंब, अशा बागेचा माल शीतगृहात लवकर दगा देतो. शिवाय शून्य अंशाच्या आसपास नासपती कित्येक महिने टिकते, तर त्याच थंडीत संत्र्याच्या सालीवर खड्डे व डाग पडतात. त्याला सहा-सात अंशांची ऊब हवी. ज्याचा त्याचा स्वभाव न ओळखता केलेला सांभाळही घातकच ठरतो.

लोकमान्यांनी गीतारहस्यात ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ या दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणाच्या मथळ्यात आणल्या, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. आषाढात केलेली हयगय मार्गशीर्षात दिसते, एवढ्यावरून ती दैवाची होत नाही. कर्म आणि फळ यांत काळ लोटला की कर्त्याला आपला कसूर ओळखू येत नाही, इतकेच. त्या कसुराचा बोजा देवावर टाकणे याला मी भक्ती मानीत नाही.

म्हणून बागाईतदारांना माझी विनंती आहे की, बहार धरण्यापूर्वी त्यांनी सल काढून बागेबाहेर जाळावी, छाटलेल्या जागी बोर्डो मलम लावावे, आणि बाग घेणाऱ्या व्यापाऱ्याशी करार करताना फळ कात्रीनेच तोडण्याची अट लेखी घालावी.