तारपावाला कुठे आहे?

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर छोटी संग्रहालयं जरूर व्हावीत, पण त्यांत फक्त वारली चित्रं असावीत, असं एका जाणत्या समीक्षकाने मध्यंतरी भर सभेत सांगितलं. अच्छाडसारख्या गावात फ्रेंच चित्रं नेलीत तर आदिवासींची नजर बिघडेल, असं त्यांचं म्हणणं. टाळ्या पडल्या. मला राग आला, तो अजून उतरलेला नाही.

पिकासोने १९०७ साली पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात आफ्रिकी मुखवटे पाहिले. त्याची नजर बिघडली असं कोणी म्हणत नाही. उलट आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात तो प्रसंग आपण आदराने शिकवतो. मग अच्छाडच्या पोरीने फ्रेंच चित्रकार मातीस पाहिला की तिचं काय बिघडतं? गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांची चित्रं १९८९ मध्ये पॅरिसला जगभरच्या शंभर कलावंतांसोबत लागली. २००३ मध्ये जर्मनीत रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या शेजारी लागली. इकडची भिंत तिकडे गेली, तेव्हा पॅरिसकरांची नजर जपण्याची काळजी कोणाला वाटली नव्हती.

आणि शुद्धता म्हणजे तरी काय? लग्नघरी सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने लिहिलेला पालघट देवीचा चौक, ही मूळ रीत. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन या भागात फिरले आणि जिव्यांनी, एका पुरुषाने, लग्नाशी संबंध नसलेलं सगळं जग त्यात आणलं. त्यांचं मासेमारीचं जाळं कोणत्याही लग्नविधीत बसत नाही. शुद्ध वारली चित्र मागणाऱ्यांनी आधी जिव्यांनाच नाकारायला हवं. तेवढं धैर्य असेल तर पुढे बोलू.

इथे मला आंद्रे माल्रोची साथ घ्यावीशी वाटते. हा माणूस अवघड आहे. बावीस वर्षांचा असताना कंबोडियातल्या बांते स्रेई मंदिरातली शिल्पं काढून नेताना पकडला गेला, शिक्षा झाली; पुढे तोच फ्रान्सचा संस्कृतिमंत्री झाला आणि पॅरिसबाहेरच्या शहरांत संस्कृतिगृहं उघडत गेला. पहिलं १९६१ मध्ये ल हाव्रला. पॅरिसबाहेरच्या माणसालाही उत्तम चित्रावर हक्क आहे, ही त्याची भूमिका मला पूर्ण मान्य आहे. त्याआधी, १९४७ मध्ये, त्याने भिंतींशिवायच्या संग्रहालयाची कल्पना मांडली होती: छायाचित्रांमुळे जगातली सगळी कला कोणाच्याही टेबलावर येऊ शकते. अच्छाडसाठी याहून सोपा मार्ग कोणता? उत्तम छपाई करा, चौकटी ठोका, लावा. पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने २०११ मध्ये तंबूंतून अस्सल चित्रं छोट्या गावांत नेली होती, पण दोनच वर्षांत पैशाअभावी तो उपक्रम थांबला. छपाईला तितका पैसा लागत नाही.

पण माल्रोच्या टेबलावर एक गोष्ट हरवते: माप. पुस्तकात नखाएवढा मणी आणि डोंगराएवढी मूर्ती सारख्याच पानावर बसतात. मातीसचं १९१० चं ‘नृत्य’ घ्या. अडीच मीटरहून उंच, जवळपास चार मीटर लांब. हिरव्या टेकडीवर, निळ्या आभाळाखाली, पाच लाल देह हात धरून फिरताहेत. पुढच्या बाजूला एक हात सुटलाय. तिथला एक नाचणारा पूर्ण ताणला गेलाय, पण शेजारच्याच्या बोटांना पोचत नाही. कॅलेंडराएवढ्या चित्रात ती फट दिसते. माणसाएवढ्या चित्रात ती आपल्या खांद्यात जाणवते. म्हणून इथे मी माल्रोला सोडतो. फोटोंचा संच पाठवून भागणार नाही. चित्र पूर्ण मापातच यायला हवं.

आणि ते आलं की अच्छाडचा प्रेक्षक जे विचारेल, ते आपल्या समीक्षकांनी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही: तारपावाला कुठे आहे? वारली भिंतीवर नाचाची साखळी तारपा हे वाद्य फुंकणाऱ्याभोवती वळसे घेते आणि नाचणारे त्याच्याकडे पाठ करत नाहीत. मातीसच्या फेराच्या मध्यभागी कोणीच नाही. वाजवणारे आहेत ते ‘नृत्य’ करून घेणाऱ्या मालकाच्याच जिन्यासाठी काढलेल्या जोडचित्रात, ‘संगीत’मध्ये, आणि ते नाचणाऱ्यांपासून तोडलेले, आपापल्या जागी स्थिर. वाद्य एका चौकटीत, नाच दुसऱ्या चौकटीत. विसाव्या शतकाच्या युरोपबद्दल हा प्रश्न जेवढं सांगतो, तेवढं आमच्या परिसंवादांतून निघालेलं नाही.

‘आधी पाणी, मग चित्र’ म्हणणारेही भेटतात. पाणी हवंच. पण कशाआधी काय हवं, हे ठरवण्याचा अधिकार या भागाने १९४५ मध्ये झरी गावी भरलेल्या आदिवासींच्या सभेत स्वतःकडे घेतला आणि वेठबिगार नाकारली. इथल्या माणसांच्या वतीने क्रम लावून देणं आता पुरे.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बस २०१५ पासून गावोगाव जाते. तिच्या चालकांना, फ्रेंच दूतावासाला आणि पालघर जिल्हा परिषदेला माझी विनंती आहे: ‘नृत्य’ आणि ‘संगीत’ पूर्ण मापात छापा आणि अच्छाडला एका शाळेत समोरासमोरच्या भिंतींवर लावा. शेजारी माहितीचा फलक पहिल्या दिवशी लावू नका. बघायला येणारे वारली, धोडी, कोकणा जे बोलतील ते त्यांच्याच बोलीत लिहून घ्या, आणि ती वही पॅरिसला पाठवा.