शीर्षकत्व: गुण, जाती की उपाधी?

संगणकावर लेख घडवताना एखादी ओळ दोन रीतींनी शीर्षक होते: तिची अक्षरे मोठी व ठळक करून, किंवा तिला ‘हेडिंग १’ ही स्टाइल, म्हणजे ती ओळ लेखात कोण आहे हे सांगणारी खूण, लावून. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. पण अनुक्रमणिका आपोआप तयार होते ती दुसरीतून, आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, वापरणारा अंध वाचक एका शीर्षकावरून पुढच्यावर जातो तोही तिच्याच आधाराने. मग शीर्षकपण असते तरी कशात?

वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या विचारात रंग, परिमाण हे गुण द्रव्याच्या आश्रयाने राहतात, तर अनेक गाईंत एकरूपाने असणारे गोत्व ही जाती होय. ठळकपणा गुणच. शीर्षकत्व मात्र जातीही ठरत नाही, कारण खाली मजकूर नसेल तर तीच ओळ साधे वाक्य उरते. स्वयंपाक करतो म्हणून एखाद्यावर येणाऱ्या पाचकत्वाला न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, उपाधी, म्हणजे बाह्य निमित्ताने आलेला धर्म, म्हणतात; शीर्षकत्व त्याच वर्गातले दिसते.

तुकोबांच्या गाथेत हा विवेक संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. ध्रुपद, म्हणजे गाताना पुनःपुन्हा घ्यायचा चरण, तिथे बहुधा पहिल्या चरणानंतर छापलेले असते, अक्षरे इतर चरणांएवढीच असतात, आणि शेवटी फक्त ‘ध्रु.’ एवढी खूण असते. तिच्यातून ओळीचे रूप कळत नाही, काम कळते.

तरीही स्टाइलला अंतिम प्रमाण मानता येत नाही. एखाद्या फुटकळ वाक्याला कोणी हेडिंग ठरवले, तर संगणक ते निमूटपणे अनुक्रमणिकेत घेतो. नाव लागले, पण उपाधीला लागणारे निमित्त नाही. ध्रुपदाची परीक्षा मात्र गाण्यातच होते. लोणी काळभोरहून यवतकडे जाणारी तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातील कासुर्डीच्या परिसरातून पुढे सरकते तेव्हा दिंडीतल्या अनेकांच्या हाती गाथा नसते, म्हणजे रूपही नाही आणि छापील खूणही नाही. तरी कोणत्या ओळीवर परतायचे याविषयी टाळकऱ्यांत संशय नसतो.