भीतीचा वारसा

बकरी ईदच्या सकाळी घरातले वडीलधारे एक गोष्ट आवर्जून बजावतात. सुरीला धार लावायची ती जनावराच्या नजरेआड, आणि एका जनावरासमोर दुसरे कापायचे नाही. जनावरासमोर सुरी परजणाऱ्याला पैगंबरसाहेबांनी (स.) टोकले होते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. या शिकवणीचा अर्थ खोल आहे. मरण वेगळे आणि मरणाचे भय वेगळे. मुक्या जिवाला भय दाखवणे हाही जुलूमच आहे.

प्रयोगशाळेत मात्र भीती मुद्दाम निर्माण केली जाते, कारण तीच अभ्यासाचा विषय असते. लख्ख उजेडाच्या मोकळ्या पेटीत उंदीर सोडतात. धीट उंदीर हिंडतो, हुंगतो. भित्रा कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसतो आणि तिथेच लेंड्या टाकतो. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात धिटांची धिटांशी आणि भित्र्यांची भित्र्यांशी जोडी लावून ३० पिढ्या वाढवल्या गेल्या. १९७८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दोन्ही वंशांत जमीन-अस्मानाचे अंतर पडले होते. भित्रेपणा रक्तातून उतरतो, हे मान्य करणे भाग पडले.

त्याहून अस्वस्थ करणारा प्रयोग अटलांटाच्या एमरी विद्यापीठातला. ब्रायन डायस आणि केरी रेसलर यांनी नर उंदरांना अॅसिटोफेनोन नावाच्या एका गोडसर वासाबरोबर पायाला विजेचा सौम्य झटका दिला. उंदीर त्या वासाला भिऊ लागले, यात नवल नाही. पण ज्यांनी तो झटका कधीच सोसला नव्हता ती त्यांची पिले आणि पिलांची पिलेही त्याच वासाने अधिक दचकू लागली. तो वास ओळखणाऱ्या जनुकावरील रासायनिक खुणा बापाच्या शुक्राणूंत बदललेल्या आढळल्या. हे संशोधन २०१३ च्या अखेरीस जाहीर झाले. त्यातल्या आकड्यांवर काही शास्त्रज्ञांनी शंका घेतल्या, आणि उंदराचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हेही खरे.

तरीही हे वाचताना आपल्याला आपली घरे आठवतात. मुंबईत १९९२-९३ साली जे घडले, ते पाहिलेही नाही अशी मुले आज आपल्या घरांत वाढून मोठी झाली आहेत. रात्री दारावर थाप पडली की तीही गप्प होतात. कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, अशी आपली श्रद्धा आहे. मग हे ओझे त्यांच्या खांद्यावर कोणी ठेवले? त्यासाठी जनुकांपर्यंत जायची गरज नाही. आपल्या कुजबुजीतून, बंद केलेल्या खिडकीतून, "तिकडे जाऊ नकोस" या वाक्यातून आपणच ते ठेवत आलो. पण मूळ गुन्हा भय दाखवणाऱ्याचा. एका पिढीला जो भेदरवतो, तो न जन्मलेल्यांचाही अपराधी ठरतो.

म्हणून माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले काम आपल्याला फार मोलाचे वाटते. मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या माद्या पाहिल्या. काही माद्या पिलांना खूप चाटत, काही कमी. जास्त चाटलेली पिले मोठेपणी कमी भित्री निघत. मग कमी चाटणाऱ्या मादीची नवजात पिले मायाळू मादीच्या कुशीत ठेवली, तर तीही धीट झाली. २००४ साली त्यांनी दाखवले की ही माया पिलांच्या मेंदूतील जनुकांवर खूण सोडते. इतकेच नव्हे, अशा मायेत वाढलेल्या लेकी पुढे स्वतःही आपल्या पिलांना अधिक चाटत. एमरीच्या प्रयोगातही पुढे डायस यांच्या गटाला आढळले की तोच वास झटक्याविना पुन्हा पुन्हा देऊन बापाची भीती घालवली, तर ती पिलांत उतरत नाही.

भीतीचा वारसा असतो, तसा धीराचाही असतो. "आमच्या रक्तातच भीती आहे" असे म्हणून हात झटकण्याची सोय आपल्याला उरत नाही. आधी आपण आपली भीती घालवायची, म्हणजे मुलांची अर्धी लढाई आपोआप जिंकली जाईल.

पण हे ज्ञान फुकट आलेले नाही. मेंदूतील खूण पाहायची तर जनावर मारावे लागते. आपल्या देशातील १९६० चा कायदा प्रयोगांवर देखरेख ठेवायला सांगतो, आणि शक्य तिथे मोठ्या जनावरांऐवजी उंदरांसारखी लहान जनावरे वापरावीत असेही म्हणतो. जीव लहान म्हणून त्याची भीती लहान असते का? उंदीर आपल्यासारखा भितो म्हणून तर प्रयोग उपयोगी पडतो, आणि तो आपल्यासारखा भितो म्हणूनच प्रयोग मनाला टोचतो. असे प्रयोग सरसकट बंद करा, असे आपण म्हणणार नाही. भयाने पछाडलेल्या माणसांना त्यांतून उपचार मिळू शकतात. मात्र गरजेपुरतेच, आणि कमीत कमी यातना देऊन, हा आग्रह आपण धरलाच पाहिजे.

ईदच्या जनावरापासून आपण सुरी लपवतो. या उंदरांपासून ती कोणी लपवली नाही. त्यांच्या भयातून मिळालेले शहाणपण आपण निदान वाया घालवू नये.