उघड कोणाला, आणि केव्हा?

एखादी कल्पना मांडून झाल्यावर ती सोपी वाटणे आणि मांडण्यापूर्वी ती एखाद्या जाणकाराला सहज सुचण्याजोगी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परंतु पहिलीवरून दुसरी गृहीत धरण्याचा मोह मोठा असतो. अमेरिकेच्या 1952च्या पेटंट कायद्यातील कलम 103 नुसार, दाव्यातील रचना आणि पूर्वज्ञान, म्हणजे त्या क्षेत्रात आधीच प्रसिद्ध असलेले ज्ञान, यांतील अंतर सामान्य कौशल्याच्या जाणकाराला उघड वाटावे असे असेल, तर पेटंट मिळत नाही. हा जाणकार हाडामांसाचा माणूस नसून कायद्याने कल्पिलेले पात्र आहे, आणि त्याला काय ठाऊक होते हे अखेर दुसऱ्याच कोणाला तरी ठरवावे लागते.

अरेंडी विरुद्ध ॲपल या खटल्यात 2016 साली हाच प्रश्न उभा राहिला. मजकुरात लिहिलेले नाव किंवा तत्सम माहिती संगणकाने ओळखायची आणि वापरणाऱ्याने आज्ञा देताच तिच्याशी निगडित दुसरी माहिती, उदाहरणार्थ त्या माणसाचा पत्ता, वेगळ्या संग्रहात शोधायची, असा अरेंडी या कंपनीच्या पेटंटातील दावा होता. पंडित या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आधीच्या पेटंटात मजकुरातील फोन क्रमांक ओळखून तो पत्त्यांच्या यादीत नोंदवण्याचा पर्याय दिलेला होता. संग्रहातील शोधाचा उल्लेख मात्र नव्हता. नोंद करण्याआधी तोच क्रमांक यादीत आहे का हे पाहणे कोणालाही सुचेल, असे म्हणून पेटंट कार्यालयाच्या न्यायमंडळाने ही उणीव व्यवहारज्ञानाने भरून काढली.

फेडरल सर्किट अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला, आणि ते योग्यच झाले. संग्रहात शोध घेता येतो हे सर्वांना ठाऊक असले, तरी या ठिकाणी, या माहितीसाठी शोध घेण्याचे कारण पुराव्याने दाखवलेले नव्हते, आणि उणा असलेला भाग तर दाव्याच्या गाभ्यातलाच होता. न्यायदर्शनाच्या परिभाषेत सांगायचे, तर इथे प्रतिज्ञा, म्हणजे सिद्ध करायचे विधान, होती, पण तिला आधार देणारा हेतू नव्हता.

याचा अर्थ व्यवहारज्ञानाला स्थानच नाही असा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली केएसआर खटल्यात हा जाणकार यंत्रवत नसून साधारण कल्पकता असलेला असतो, असे ठरवले होते. 2009च्या परफेक्ट वेब खटल्यात तर पूर्वज्ञानात न सापडलेली पायरी म्हणजे आधीच्याच पायऱ्या पुन्हा करणे एवढीच होती, म्हणून तिथे व्यवहारज्ञान पुरेसे ठरले. अरेंडीचा दावा आज पाहणाऱ्याला क्षुल्लक वाटेल, आणि असल्या दाव्यांवर मक्तेदारी देण्याचा धोका खराच आहे. पण आजच्या वाचकाची नजर स्मार्टफोनच्या सवयीने घडलेली आहे, आणि दाव्याचे मूळ 1998 सालचे आहे. त्या काळातील एखादी वापरपुस्तिका, किंवा तेव्हाच्या जाणकाराने हा शोध का जोडला असता हे सकारण सांगणारी साक्ष, एवढे मागणे जाचक म्हणता येत नाही.