अकरणाचा प्रत्यवाय

धरण फुटते किंवा बांध वाहून जातो, तेव्हा मरणाऱ्याचे प्रारब्ध आणि राखणाऱ्याचे कर्तव्य या दोन कल्पना समोरासमोर उभ्या राहतात, आणि त्यांपैकी पहिलीचा आधार घेऊन दुसरीतून सुटका करून घेण्याची सवय समाजाला फार जुनी आहे. प्रारब्ध म्हणजे साठलेल्या कर्मापैकी, अर्थात संचितापैकी, ज्याचा भोग या जन्मात सुरू झाला आहे तो भाग. भारतीय दर्शनांनी कर्मसिद्धान्त मांडताना दोन आपत्ती कटाक्षाने टाळल्या: केलेले कर्म फळ न देता नष्ट होणे, म्हणजे कृतनाश, आणि न केलेल्या कर्माचे फळ माथी येणे, म्हणजे अकृताभ्यागम. ज्या विश्वात हे दोन दोष संभवतात, तेथे नीतीला पायाच उरत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद आहे. परंतु धरणाखालच्या वाडीत झोपलेल्या माणसाने धरण बांधलेले नसते, त्याची देखभालही त्याच्याकडे नसते आणि दुरुस्तीचा निधी अडवणाराही तो नसतो. तरीही पाणी त्याच्याच घरात शिरते. हा अकृताभ्यागम नव्हे, तर दुसरे काय?

परंपरानिष्ठ उत्तर असे की, त्या माणसाच्या पूर्वजन्मीच्या संचितात या मृत्यूचे बीज असलेच पाहिजे. तर्काच्या दृष्टीने हे उत्तर निर्दोष असेलही, पण ते व्यवहारात आले की त्याचा लाभ नेमका दोषी व्यक्तीला होतो. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे गेली. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केलेली होती. त्यानंतर तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी फुटीचे कारण खेकडे असल्याचे सांगितले आणि महाराष्ट्रभर त्या विधानाची टिंगल झाली. टिंगल रास्तच होती. मात्र खेकडा हा येथे दैवाचाच एक अवतार म्हणून पुढे केला गेला, हे फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. दैवाचा क्रमांक तेथे शेवटचा आहे, आणि आधीच्या चारांचा हिशेब पुरा झाल्याशिवाय पाचव्याकडे बोट दाखवण्याची मुभा त्या विवेचनातून निघत नाही.

या प्रश्नावर कर्मसिद्धान्तापेक्षा पूर्वमीमांसेचा विचार अधिक उपयोगी पडतो. वेदविहित कर्माची मीमांसकांनी केलेली विभागणी अशी: काम्य कर्म विशिष्ट फळाच्या इच्छेने केले जाते, नैमित्तिक कर्म काही निमित्त घडल्यावर करावे लागते, आणि नित्य कर्म, उदाहरणार्थ संध्यावंदन, रोजच्या रोज करावयाचे असते. नित्य कर्माचे वैशिष्ट्य असे की, ते केल्याने स्वर्गासारखे वेगळे फळ मिळत नाही, पण ते न केल्याने प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. धरणाची देखभाल तंतोतंत या वर्णनात बसते. नवे धरण बांधणे हे काम्य कर्म आहे. त्यातून ओलित, वीज, उद्घाटनाची कोनशिला आणि मते अशी सर्व फळे मिळतात. पूर येऊन गेल्यावर करावयाची मदत आणि चौकशी ही नैमित्तिक कर्मे आहेत. सांडव्याचे दरवाजे वंगण घालून चालते ठेवणे, भरावावरची झुडपे उपटणे, झिरपणाऱ्या पाण्याची मोजणी करणे, हे मात्र नित्य कर्म आहे. ते नीट पार पडले तर काहीही घडत नाही, आणि काहीही न घडणे हे कोणत्याही अहवालात यश म्हणून नोंदले जात नाही.

या कल्पनेवर शंकराचार्यांनी घेतलेला आक्षेप प्रसिद्ध आहे. न करणे हा अभाव आहे, प्रत्यवाय हा भावरूप आहे, आणि अभावातून भाव उत्पन्न होऊ शकत नाही, असे त्यांनी गीताभाष्यात आणि तैत्तिरीयोपनिषदाच्या भाष्यात मांडले. नित्य कर्म टळणे हे आधीच साठलेल्या दुरिताचे लक्षण मानावे, कारण मानू नये, अशी त्यांची भूमिका होती. मातीच्या धरणाच्या बाबतीत या आक्षेपाला उत्तर देता येते. भरावातून झिरपणारे पाणी आपल्याबरोबर मातीचे बारीक कण वाहून नेते, त्या वाटेने आत नळीसारखी पोकळी तयार होते, आणि पोकळी वाढत गेली की वरचा भराव खचतो. माणूस काही करत नसतो तेव्हाही पाणी अखंड काम करतच असते. म्हणून धरणापाशी शुद्ध अकरण संभवतच नाही. पाण्याचे काम चालू असताना हात आवरून बसणे म्हणजे त्या कामाला संमती देणे होय. आणि तरीही आचार्यांच्या म्हणण्यातील एक अंश येथे विलक्षण खरा ठरतो: ज्या कार्यालयात पावसाळ्यापूर्वीची पाहणी टळते, तेथे ती टळणे हे बहुधा जुन्याच रोगाचे लक्षण असते.

हा विचार केवळ मोठ्या धरणांपुरता नाही, याचा पुरावा पनवेलला लागून असलेल्या उरण तालुक्यातील द्रोणागिरीत पाहावयास मिळतो. लक्ष्मणासाठी हनुमंताने नेलेल्या पर्वताचा तुकडा येथे पडला, अशी त्या डोंगराविषयी लोकश्रद्धा आहे. डोंगराच्या आसपासची सपाट जमीन मात्र माणसाने खाडीकडून पिढ्यान्‌पिढ्या मिळवलेली आहे. फुंडे, डोंगरी, पाणजे, बोकडवीरा या गावांच्या परिसरात भातखाचरे, मिठागरे आणि खाजणे होती, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची पातळी त्यांतील बऱ्याच जमिनीहून वर जात असे. ते पाणी थोपवणाऱ्या मातीच्या भिंतीला बाहेरकाठा म्हणत, आणि पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडून भरतीला बंद होणाऱ्या दारांना उघडी. खाडीतला चिकट चिखल कापून त्याची ढेकळे काठावर रचावी लागत. उधाण ओसरले की शेतकरी काठावरून चालत जाऊन खेकड्यांची बिळे शोधी आणि ती चिखलाने ठेचून बुजवी, कारण बिळातून सुरू झालेल्या धारेची दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीमुळे खांड होण्यास वेळ लागत नाही, आणि एकदा खारे पाणी शिरले की पुढची दोन-तीन वर्षे भात नीट होत नाही. तिवऱ्यानंतर ज्या प्राण्याला आरोपी ठरवण्यात आले, तो या शेतकऱ्याच्या लेखी पाहणी करण्याचे कारण होता, पाहणी न केल्याची सबब नव्हता.

या नित्य कर्माला तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात एक आर्थिक चौकटही होती. शिलोत्री पद्धतीत खार जमीन उठवणारा शिलोत्रीदार कुळांकडून नेहमीच्या खंडाखेरीज जादा धान्य घेई आणि त्याबदली बाहेरकाठ्याची दुरुस्ती त्याच्यावर बंधनकारक असे. ही व्यवस्था न्याय्य होती असे म्हणता येणार नाही, कारण चिखल उचलणारे हात कुळाचेच असत. परंतु काठा कोणाचा, या प्रश्नाला तिच्यात एक नाव होते. कूळकायद्याने जमीन कसणाऱ्याची झाली, हे योग्यच झाले. काठ्याची जबाबदारी 1948 च्या आणि पुढे 1979 च्या खारभूमी कायद्यांन्वये शासनाकडे सरकत गेली. 1970 मध्ये सिडकोची स्थापना होऊन ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील 95 गावांची जमीन नवी मुंबईसाठी संपादनाखाली आली, तेव्हा द्रोणागिरीतील शेतीच उरली नाही आणि काठ्यावरून चालणारा माणूसही उरला नाही. समुद्राची पातळी मात्र संपादित झाली नव्हती. म्हणून नव्या शहरात धारण तलाव खोदण्यात आले: भरतीच्या वेळी दारे बंद असताना पडणारा पाऊस साठवून ओहोटीला सोडणारे, म्हणजे उघडीचेच मोठे रूप. या तलावांत गाळ साचला, त्यावर कांदळवन वाढले, आणि कांदळवनाला कायद्याचे संरक्षण असल्याने गाळ काढण्यासाठीही परवानग्यांची वाट पाहावी लागू लागली. वेळेवर न केलेल्या नित्य कर्माचे असे होते: काही काळानंतर ते करणेच निषिद्ध कोटीत जाते.

लाभ आणि धोका यांची फारकतही येथे स्पष्ट दिसते. द्रोणागिरीच्या नळांना येणारे पाणी पेण तालुक्यातील हेटवणे धरणातून येते. त्या धरणाचे दरवाजे उघडतात तेव्हा सावधगिरीचा इशारा मिळतो तो पेणच्या नदीकाठच्या गावांना. इमारतीतील रहिवाशाला त्याची वार्ताही नसते. एकाचे फळ आणि दुसऱ्याचा भोग अशी ही रचना मानवनिर्मित असल्याने तिचे समर्थन प्रारब्धाने करता येत नाही. जो पाणी पितो तो त्या धरणाच्या कर्मात सहभागी आहे, आणि देखभालीचा खर्च पाणीपट्टीतून देणे हे त्याच्या वाट्याचे नित्य कर्म आहे.

प्राचीन राज्यशास्त्राला हे अपरिचित नव्हते. कौटिल्याने नवा तलाव वा बंधारा बांधणाऱ्याला पाच वर्षांची करमाफी सांगितली, आणि मोडून पडलेला दुरुस्त करणाऱ्याला चार वर्षांची. दुरुस्तीची प्रतिष्ठा नवनिर्मितीहून केवळ एका वर्षाने कमी. मनुस्मृतीत तलाव फोडणाऱ्यास देहदंड सांगितला असला, तरी त्याने तो पूर्ववत करून दिल्यास सर्वोच्च दंडावर सोडण्याचा पर्यायही तेथेच आहे. गिरनारच्या पायथ्याचा सुदर्शन तलाव चंद्रगुप्त मौर्याच्या काळी बांधला गेला, इसवी सन 150 च्या सुमारास वादळात फुटला, आणि खिंडार पाहून रुद्रदामन्‌ राजाच्या मंत्र्यांनी दुरुस्तीला विरोध केला. तरीही राजाने प्रजेवर कर वा वेठबिगार न लादता तो स्वतःच्या खजिन्यातून बांधून घेतला, असे जुनागढचा शिलालेख सांगतो. तो लेख राजस्तुतीचा आहे, हे धरूनच वाचावा लागतो. पण फूट, मंत्र्यांचा विरोध आणि दुरुस्ती करणाऱ्या सुविशाख या अधिकाऱ्याचे नाव, हे सर्व त्यात नोंदलेले आहे. स्कंदगुप्ताच्या काळी तोच तलाव पुन्हा फुटला आणि पुन्हा बांधला गेला.

आजचा धरण सुरक्षा कायदा 2021 चा आहे. पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची पाहणी त्याने धरणाच्या मालकावर बंधनकारक केली, आणि कायद्यान्वये दिलेले निर्देश धुडकावल्याने जीवितहानी झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. नित्य कर्म आणि प्रत्यवाय यांना मिळालेले हे वैधानिक रूप स्वागतार्ह आहे. परंतु हा कायदा 15 मीटरहून उंच धरणांना आणि काही अटींवर 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. खारबांध, उघड्या आणि धारण तलावांची दारे त्याच्या कक्षेबाहेर राहतात. द्रोणागिरीच्या रहिवाशांनी निदान एवढी मागणी करावी की, प्रत्येक धारण तलावाच्या दारापाशी एक फलक असावा, आणि त्यावर शेवटच्या पाहणीची तारीख व ती करणाऱ्या अधिकाऱ्याचे पद लिहिलेले असावे.