यानाचं परिमाण

परिग्रह म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं सोनंनाणं आणि जमीनजुमला येतो. दिगंबर जैन परंपरेनं बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार सांगितलेत. त्यांत शेत आहे, घर आहे, धनधान्य आहे, नोकरचाकर, गुरंढोरं, अंथरूण-आसन, कापडचोपड, भांडीकुंडी आहेत, आणि त्यांच्याच पंगतीत यानही आहे. म्हणून दारातली पिकअप ही स्वाध्यायाच्या बाहेरची गोष्ट आहे असं मी मानत नाही. बस्तीत, म्हणजे मंदिरात, बसून शास्त्र ऐकायचं आणि बाहेर येऊन गाडीचा व्यवहार वेगळ्याच डोक्यानं करायचा, हे मला जमत नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला गाडीचे टायर उतरले. थोरला मुलगा निपाणीला जाऊन भाव काढून आला. गाडीला कंपनीचं माप २१५/७५ आर १५. त्याच्या मनात होते २३५/७५ चे ऑल टेरेन टायर, मोठ्या खाचांचे, आणि त्यांच्यासोबत काळे अलॉय, चाक मडगार्डच्या थोडं बाहेर काढणारे. मला म्हणाला, "आण्णा, हे टायर चिखलात नुसते जाग्यावर फिरत्यात. ते घातले की गाडी कुठंबी जाती."

त्याची अडचण खोटी नव्हती. आमच्या बोरगावच्या काळ्या रानातली पाणंद ज्यानं पावसात पाहिली आहे त्याला ती सांगायला नको. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या उन्हाळ्यात बुजवल्या तरी दोन पावसांत परत उघड्या पडतात. त्यांत पिकअपचा पोटाचा भाग टेकला की मागची चाकं हवेतच. भाजीचे क्रेट उतरवा, ट्रॅक्टर बोलवा, दोर लावा. तोवर इचलकरंजीचा सौदा होऊन गेलेला असतो. शेतकऱ्यानं आपल्या मालाच्या वाटेची सोय करावी, यात कसलंही पाप नाही.

मग मी हिशेब मांडला, कारण मोजल्याशिवाय परिमाण ठरत नाही. २१५/७५ आर १५ या टायरची पूर्ण उंची सुमारे ७०३ मिलिमीटर येते, २३५/७५ ची सुमारे ७३३. फरक तीस मिलिमीटरचा. त्यातला निम्माच आसाच्या खाली येतो. म्हणजे एवढा खर्च करून गाडी उचलली जाते दीड सेंटिमीटर. चाकोरी असते वीतभर खोल. चाक मोठं झालं की मीटरही मागं राहतो: तो ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टच्या वर असते, आणि तो शंभर किलोमीटर मोजतो तेव्हा आपण एकशे चार चाललेलो असतो. गाडी पुढं आणि तिचा काटा मागं, हे सत्याणुव्रत घेतलेल्या माणसाला बोचायला हवं. शिवाय जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो, आणि बाहेर काढलेल्या चाकाचा ताण बेअरिंगवर जातो. अलॉयचं म्हणाल तर खड्ड्यात लोखंडी रिम वाकते, ती ठोकून सरळ करता येते. अलॉयला तडा गेला की ते गेलं.

भाराचा आकडा टायरच्या बगलेवरच छापलेला असतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५. जीपगाड्यांसाठी काढलेले काही रुबाबदार टायर पिकअपच्या साध्या टायरपेक्षा कमी भाराचे असतात. दुकानात उभं राहून मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. थोरला खाचा बघत होता, मी आकडे बघत होतो.

समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात परिग्रह-परिमाणाचे, म्हणजे मालमत्तेला हद्द घालण्याच्या व्रताचे, पाच अतिचार (दोष) सांगितलेत: वाहन गरजेबाहेर दामटणं, गरजेबाहेर साठवणं, दुसऱ्याचं वैभव बघून अचंबित होणं, लोभ, आणि शक्तीबाहेर भार लादणं. ट्रकच काय, रबरसुद्धा या देशाला ठाऊक नव्हतं तेव्हाचा हा ग्रंथ. तरी पाचांपैकी पहिला आणि शेवटचा सरळ सरळ गाडीवानाला उद्देशून आहे. मला सगळ्यांत खोल वाटतो तो मधला, विस्मयाचा. वस्तू अजून घरात आलेली नाही, पैसा गेलेला नाही, कुणाचं काही हिरावलेलं नाही. नुसतं दुसऱ्याच्या गाडीकडं बघून मन थबकलं आणि तिथंच दोष सुरू झाला. माझ्या पोराला त्या टायरची ओढ पाणंदीत लागली नव्हती. हायवेला एका धाब्यापुढं उभी असलेली उंच गाडी त्यानं बघितली होती, तिच्या टायरला चिखलाचा ठिपकाही नव्हता. त्यानंच मला ते सांगितलं, आणि सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. त्या उजळण्याचा मला राग आला नाही. तरुण रक्ताला सुंदर वस्तू सुंदर दिसणारच. पण पाणंदीची गरज आणि धाब्यापुढचा विस्मय ही दोन वेगळी कारणं आहेत, आणि एकाच्या नावावर दुसऱ्याची खरेदी होऊ नये.

यावर एक शहाणं उत्तर नेहमी मिळतं. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचं लक्षण मूर्च्छा, म्हणजे आसक्ती, असं केलंय. मग आसक्ती नसली तर टायर केवढाही असो, काय बिघडलं? निर्ग्रंथ मुनींना हे बोलणं शोभेल, त्यांच्याजवळ पिंछी-कमंडलूपलीकडं काही नाही. आपण गृहस्थांनी ते तोंडात घेऊ नये. आसक्ती आतून मोजता येत नाही, आणि जिची मोजदाद आपल्याच हातात असते ती नेहमी कमी भरते. म्हणून तर आचार्यांनी श्रावकाला आकड्याचं व्रत दिलं. इतकी एकर, इतकी गुरं, इतकी वाहनं. आकडा आधी ठरवायचा, इच्छा नंतर येईल तेव्हा तिला त्या आकड्यापुढं उभं करायचं.

"कुठंबी जाती" हे थोरल्याचे शब्द मला म्हणूनच जास्त अडले. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे: दाही दिशांना मी अमुक हद्दीपलीकडं जाणार नाही, असं जन्मभरासाठी ठरवणं. देशव्रत त्याहून आवळ, काही दिवसांपुरतं, अमुक नदीपर्यंत किंवा अमुक वेशीपर्यंत. हद्दीबाहेरच्या जिवांना आपल्याकडून अभय मिळावं, हा त्यातला हेतू. चातुर्मासात मुनी एका गावी थांबतात तेही ओल्या भुईवर उपजलेल्या असंख्य जिवांसाठीच. आणि टायर विकणारा नेमकं उलटं विकतो: वाळू, खडक, चिखल, पाणी, सगळी भूमी तुझी. मला सगळी भूमी नको आहे. मला घर ते रान, रान ते सौदा आणि अडीनडीला दवाखाना एवढीच वाट हवी आहे. ही वाट आधी लिहून काढली तर टायर आपोआप ठरतो.

थोरल्यानं काढलेला पुराचा मुद्दा मात्र मी वरवर घेतला नाही. २०१९ आणि २०२१ चे पूर आम्ही अंगावर घेतलेत. कारदगा-भोज, बारवाड-कुन्नूर हे पूल पाण्याखाली जाणं आम्हाला नवीन नाही. २०२१ च्या जुलैत तर वेदगंगेच्या पाण्यानं यमगर्णीजवळ पुणे-बंगळूर हायवे बंद पाडला होता. थोरला म्हणाला, "उंच गाडी असली तर चार माणसं बाहेर काढता येतील." परोपकाराच्या नावानं मागितलेली वस्तू नाकारणं जड जातं. पण वाहत्या पाण्याची रीत वेगळी. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या उचलून नेतं, आणि रुंद, हवा भरलेला टायर गाडीला तरंगायला मदतच करतो. पुरात आमच्याकडं माणसं आणि जनावरं हलवली ती ट्रॅक्टर-ट्रॉलीनं आणि बोटीनं.

पूर आणणाऱ्या याच नद्यांची एक गोष्ट या भागात घरोघरी सांगतात. भोजचे सातगौडा पाटील, जन्म १८७२ चा, तरुणपणी अंगानं भक्कम होते. आमच्या बोरगावचे आदिसागर मुनी भोजला आले की ते त्यांना खांद्यावर घेऊन दूधगंगा-वेदगंगेचा संगम पार करवीत. हेच सातगौडा १९२० ला यरनाळला मुनी झाले, आचार्य शांतिसागर झाले, अनवाणी पायांनी शिखरजीला आणि पुढं दिल्लीपर्यंत गेले, आणि १९५५ मध्ये कुंथलगिरीवर त्यांनी सल्लेखना घेतली. बळ वाईट नाही, एवढं त्या खांद्यावरून मला कळतं. ते कुणासाठी आणि कुठल्या काठापर्यंत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शेवटी टायर घेतले ते ऑल टेरेनच, पण कंपनीच्याच मापाचे, पिकअपच्या भाराचे, जुन्या लोखंडी रिमांवर. स्टेपनीसुद्धा त्याच मापाची. खाचांचा उपयोग मुरमाच्या वाटेवर आणि ओल्या गवतावर होतो. काळ्या चिकट मातीत तोही थोडाच, कारण माती खाचांत बसली की टायर पुन्हा गुळगुळीत, आणि खुरप्यानं उकरत बसावं लागतं. अडचणीचा खरा इलाज पाणंदीत मुरूम टाकणं हा होता. वाटेवरच्या शेतकऱ्यांनी मिळून तो टाकला.

वहीत मी परिमाण लिहिलं: वाहन एक, माप नोंदणीच्या कागदावरचं, भार कागदावर लिहिलाय तेवढाच. थोरल्यानं मापाचं मान्य केलं. भाराचं त्याला अजून पटत नाही, आणि त्याचं म्हणणं हलकं नाही. तो विचारतो, अतिभाराचा दोष सांगितला तो बैलाच्या पाठीसाठी. इंजिनाला कुठं जीव आहे? उलट भार कमी घेतला की एका खेपेच्या जागी दोन होतात, डिझेल दुप्पट जळतं आणि पावसाळ्यात रस्त्यावरचे गांडूळ, बेडूक, किडे दोनदा चाकाखाली येतात. मग हिंसा कशात जास्त? मी त्याला सांगतो, ज्यादा भाराची गाडी वेळेवर थांबत नाही, आणि तिच्यापुढं शाळेतून येणारं पोर असू शकतं. इंजिनाला जीव नसला तरी रस्त्याला आहे. तो म्हणतो, मग हळू चालवू. हळू चालवली तरी उतारावर भार कमी होत नाही, असं मी म्हणतो. सध्या आम्ही दोन खेपा करतो आणि दुसरी खेप उजाडल्यावर, रस्ता नीट दिसू लागला की काढतो. येत्या चातुर्मासात महाराज जवळपास आले तर हा प्रश्न त्यानंच त्यांच्यापुढं मांडावा, असं मी त्याला सांगितलं आहे.