मग स्वमग्न कोण?

माउली, सप्ताहाच्या कीर्तनात असे एखादे लेकरू आपण पाहिले असेल. पखवाजावर थाप पडते, टाळ वाजू लागतात आणि ते दोन्ही कान घट्ट झाकून घेते. अंग झुलवत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणते. हाक मारली तरी वळत नाही. मग कुजबुज सुरू होते, 'आईने वळणच लावले नाही.' कोणी म्हणतो, 'पूर्वजन्मीचे भोग, दुसरे काय!' आई मुकाट्याने मुलाला घेऊन उठते. आपले कीर्तन चालूच राहते.

या अवस्थेला स्वमग्नता म्हणतात. १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे बरीच वर्षे आईच्या मायेलाच दोष दिला गेला. तो खोटा ठरला. ही मेंदूच्या वाढीतली वेगळी घडण आहे आणि प्रत्येकात तिचे रूप निराळे. कोणी बोलतच नाही. कोणी पुष्कळ बोलतो, पण थट्टा कळत नाही. रोजचा क्रम मोडला की काहींचा जीव घाबरा होतो. आपल्याला गोड वाटणारा टाळ एखाद्याच्या कानाला सोसवत नाही.

म्हणजे पाहा, आपण म्हणतो हा स्वतःतच बुडालेला. पण बाहेरचे जग त्याच्यापर्यंत सोसवेनासे पोहोचते, म्हणून तो कान झाकतो. आणि ती आई उठून गेली, ते आपल्यापर्यंत पोहोचलेच नाही. मग स्वमग्न कोण?

प्रारब्ध मानणाऱ्याने ते स्वतःचे दुःख सोसताना आठवावे. दुसऱ्याच्या लेकराला त्या मापाने मोजण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? त्याला सिद्धपुरुष ठरवून पाया पडणेही बरे नव्हे. त्याने डॉक्टरांना दाखवणे आणि शिकवणे मागे पडते. लवकर मदत मिळाली तर पुष्कळ मुले पुष्कळ शिकतात.

आपण एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतो, तेव्हा समोरच्याने काय उत्तर द्यावे याची अट घालत नाही. तोच भाव इथे हवा. त्या मायलेकरांना कर्ण्यापासून दूर, मंडपाच्या कडेला जागा द्या. गजर सुरू होण्याआधी आईला सांगा. लेकराला बळेच जवळ ओढू नका, नमस्काराची सक्ती करू नका. आणि पुढच्या वेळी ती आई उठू लागली, तर तिला एवढेच विचारा, 'माउली, काय केले म्हणजे तुम्हाला बसता येईल?'

रामकृष्ण हरि.